किर्कुतातले दगड कसे वाचायचे? पोलंडमधल्या ज्यू दफनभूमी, तारखा, चिन्हं आणि काही गैरसमज

आडवाट

क्राकुफ, व्येलिच्काची मिठाची खाण, ऑशविट्झ आणि परत. पोलंडचा हा ठरलेला फेरा आता मराठी पर्यटकांनाही पाठ झालाय. या फेऱ्यात पोलंडचे ज्यू भेटतात ते फक्त मेलेले. १९३९ मध्ये तिथे साधारण ३३ लाख ज्यू होते, म्हणजे दर दहा माणसांत एक, आणि त्यातले सुमारे ३० लाख युद्धात मारले गेले, हे सगळे ऐकून येतात. पण ते कोण होते, नावं काय ठेवत, कोणाला मान देत, हे छळछावणीत कळत नाही. ते कळतं दफनभूमीत.

पोलंडमध्ये आजही सुमारे १२०० ज्यू दफनभूम्यांच्या खुणा आहेत. पोलिश माणूस तिला 'किर्कुत' म्हणतो आणि तिथल्या उभ्या दगडाला 'मात्सेवा'. हिब्रू भाषा न येताही मात्सेवेवरचा निम्मा मजकूर वाचता येतो, कारण साचा ठरलेला असतो आणि अक्षरं बावीसच. हिब्रू लिपी इथे टंकत नाही, अक्षरांची नावं देवनागरीत लिहितो. वर्णमालेचा तक्ता शेजारी ठेवून वाचा. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, हे विसरू नका.

अगदी वर दोन अक्षरं असतात: पे-नून. 'पो निकबर' किंवा 'पो नितमन', म्हणजे 'इथे पुरले आहे'. बाईच्या दगडावर बऱ्याचदा पे-तेत दिसतं, 'पो तमूना'. अगदी तळाला पाच अक्षरं: ताव-नून-त्सादी-बेत-हे. अर्थ असा की 'हा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो'. हे वाक्य बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातून आलंय. दगड फुटका असला आणि ही पाच अक्षरं सापडली, तर तुमच्या हातात तळाचा तुकडा आहे.

मधल्या भागात आधी स्तुती, मग नाव. नावानंतर 'बेन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'बात' म्हणजे अमक्याची मुलगी. त्यापुढचं नाव वडिलांचं. जुन्या दगडावर आडनाव शोधत बसू नका. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियात आडनावाची सक्ती १७८७ च्या फर्मानाने आली, वॉर्साकडच्या पोलिश राज्यात १८२१ मध्ये. त्यानंतरही दगडावर आडनाव कोरणं लोकांना कित्येक वर्षं गरजेचं वाटलं नाही.

आणि एक चूक जवळजवळ सगळे करतात. नावाआधी एकटं 'रेश' आणि वर छोटी रेघ दिसली की 'रब्बी', म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणून मोकळे होतात. ते 'रेब' आहे, म्हणजे आपलं 'श्रीयुत' किंवा 'राजमान्य राजश्री'. लग्न झालेल्या कुठल्याही पुरुषाला लागतं. गावातला निम्मा किर्कुत रब्बींनी भरलेला नव्हता!

आता तारीख. हिब्रूत अक्षरं हेच आकडे:
आलेफ ते तेत = १ ते ९ (आलेफ, बेत, गिमेल, दालेत, हे, वाव, झायिन, हेत, तेत)
योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०
कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००

वर्ष लिहिताना पाच हजारांचा आकडा सहसा गाळतात, आणि गाळलाय हे सांगायला पुढे लामेद-पे-कोफ अशी खूण करतात. तुम्ही नुसती बेरीज करायची आणि तिच्यात १२४० मिळवायचे.

समजा असं कोरलंय: 'योम वाव, हेत आदार बेत, ताव-रेश-पे-दालेत'. वर्ष ४०० + २०० + ८० + ४ = ६८४. त्यात १२४० मिळवले की १९२४. दिवस: दुसऱ्या आदार महिन्याची ८ तारीख. वार: सहावा, म्हणजे शुक्रवार. इसवी तारीख येते १४ मार्च १९२४.

महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर १२४० ऐवजी १२३९ मिळवा, कारण त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. किस्लेव ६८४ हा १९२३ मध्ये पडतो, १९२४ मध्ये नाही. तेवेत महिना डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर असतो. तिथे तक्ता किंवा कॅलेंडर-बदलक वापरल्याशिवाय पर्याय नाही.

चिन्हांबद्दल, दगड साफ करण्याबद्दल, कागदपत्रांबद्दल इथले जाणकार भर घालतीलच.

तिथीवाला

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. कॅलेंडरबद्दल थोडं.

मराठी माणसाला हे कॅलेंडर परकं वाटायचं कारण नाही. चांद्रमास, आणि सौरवर्षाशी मेळ बसवायला अधिक महिना. फरक असा की आपला अधिक मास संक्रांतीवरून ठरतो, त्यामुळे चैत्रापासून आश्विनापर्यंत कुठेही येऊ शकतो. त्यांचा ठरलेला. १९ वर्षांच्या चक्रात ७ वेळा, आणि दर वेळी आदारच दुप्पट होतो. आदार आलेफ आणि आदार बेत. हिब्रू वर्षाला १९ ने भागा. बाकी ३, ६, ८, ११, १४, १७ किंवा ० उरली तर अधिक वर्ष. धाग्यातलं ५६८४ घ्या: १९ × २९९ = ५६८१, बाकी ३. म्हणून त्या दगडावर 'आदार बेत' असू शकतो. बाकी यांपैकी नसेल आणि तुम्हाला 'आदार बेत' दिसत असेल, तर वर्ष चुकीचं वाचलंय.

वाराचा उपयोग आडवाट यांनी सांगितला नाही. 'हे' आणि 'हेत' या अक्षरांत फरक एवढाच की 'हे'चा डावा पाय छतापासून सुटा असतो. झिजलेल्या वालुकाश्मात ती फट दिसत नाही. म्हणजे तारीख ५ की ८? इथे वार कामाला येतो. ५ आदार बेत ५६८४ हा ११ मार्च, मंगळवार. ८ हा १४ मार्च, शुक्रवार. दगडावर 'योम वाव' आहे, म्हणून अक्षर हेतच. दालेत-रेश (दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोल), वाव-झायिन, बेत-काफ या जोड्यांनाही हाच उपाय. शिवाय वर्षाची अक्षरं मोठ्या आकड्याकडून लहानाकडे उतरत जातात, त्यामुळे 'पे'नंतर 'रेश' येणारच नाही, तिथे दालेतच.

दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे वरचा 'शुक्रवार' गुरुवारी संध्याकाळीच लागला. सरकारी नोंदीत १३ मार्च सापडली तर दगड चुकला असं समजू नका.

अजून एक सापळा. महिना तीस दिवसांचा असला तर तिसावा दिवस आणि पुढच्या महिन्याचा पहिला, असे दोन्ही मिळून पुढच्या महिन्याचा 'रोश खोदेश', म्हणजे महिन्याचा आरंभ, धरतात. दगडावर 'रोश खोदेश इयारचा पहिला दिवस' असेल तर तो इयारचा १ नव्हे, निसानचा ३० आहे. याच खात्यात एक दिवसाच्या निम्म्या चुका होतात.

वर्षश्राद्धही तिथीनेच. यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, 'यॉरत्साइट' म्हणतात. लेझाइस्कला एलिमेलेख या हसिदी गुरूची समाधी आहे (मृत्यू १७८७). हसिद हा ज्यूंमधला भक्तिमार्गी पंथ. २१ आदारला जगभरातून हसिद तिथे येतात, चिठ्ठ्यांवर मागणं लिहून समाधीवर टाकतात. त्या घुमटीला 'ओहेल' म्हणतात. इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते. त्या आठवड्यात गावात राहायला खोली मिळणं कठीण.

शाईपेन

तिथीवाला यांचा 'उतरता क्रम' नियम एका ठिकाणी मोडतो. ६९८ हे वर्ष, म्हणजे १९३७-३८. क्रमाने लिहिलं तर ताव-रेश-त्सादी-हेत. याचा उच्चार 'तिर्त्साख', अर्थ 'तू खून करशील'. म्हणून बरेच जण शेवटची दोन अक्षरं उलटवून ताव-रेश-हेत-त्सादी लिहीत. बेरीज तीच. १५ आणि १६ चंही तसंच: योद-हे आणि योद-वाव लिहिलं की देवाच्या नावाची अक्षरं होतात, म्हणून तेत-वाव (९+६) आणि तेत-झायिन (९+७).

जुन्या दगडांवर कधीकधी वर्ष सरळ दिलेलंच नसतं. एखादं शास्त्रवचन कोरतात आणि त्यातल्या काही अक्षरांवर टिंबं देतात, किंवा ती अक्षरं मोठी काढतात. फक्त त्यांचीच बेरीज करायची. टिंबं झिजली की संपलं.

स्तुतीच्या ओळींची पहिली अक्षरंही वरून खाली वाचून बघा. पुष्कळदा त्यांतून मृताचं नाव निघतं. मधली नावाची ओळ फुटली असेल तर हा शेवटचा मार्ग.

तिथीवाला

६९८ बद्दल मान्य. सुधारणा करून घ्यावी.

मृण्मयी_क

चिन्हांबद्दल लिहिते. हा दगडाचा सगळ्यात सोपा भाग, कारण कोणतीही लिपी लागत नाही.

आशीर्वादाला उभारलेले, अंगठे जवळ आणलेले दोन तळहात: कोहेन, म्हणजे पुरोहित घराणं. सुरई आणि तस्त: लेवी, कोहेनांच्या हातावर पाणी घालणारे. मेणबत्त्यांची समई: बाई, कारण शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे तीच लावते. मेणबत्ती मोडलेली असेल तर अकाली मरण. मोडलेलं झाड किंवा फांदीही तेच, तरुण मृत्यू. पुस्तकांचं कपाट: विद्वान. पेटीत नाणं टाकणारा हात: दानशूर माणूस, नाहीतर दानपेटीचा व्यवस्थापक.

प्राणी बहुधा नावावरून येतात. सिंह असेल तर येहुदा, आर्ये किंवा लेब. हरीण: नफ्ताली, त्स्वी, हिर्श. अस्वल: दोव, बेर. लांडगा: झेएव्ह, वोल्फ. बाईच्या दगडावर पक्षी दिसला तर फायगा किंवा त्सिपोरा. नावं जोडीने ठेवत, एक हिब्रू आणि एक यिद्दिश, प्राणी तोच: नफ्ताली हिर्श, येहुदा लेब, दोव बेर. त्यामुळे सरकारी कागदात 'हिर्श' आणि दगडावर 'नफ्ताली' दिसला तर माणूस एकच असण्याची शक्यता भरपूर. मात्र दोन सिंह मुकुट धरून उभे असतील तर ते नुसतं अलंकरण. त्यावरून नाव काढायला जाऊ नये.

हे दगड आज राखाडी दिसतात म्हणून ते तसेच होते असं समजू नका. पुष्कळांवर रंग होते. खोबणीत लाल, निळ्या, काळ्या रंगाचे कण अजून सापडतात. ते खरवडून काढले की पुरावा गेला.

आडवाट

रंगाचा मुद्दा महत्त्वाचा, धन्यवाद. दगड साफ करण्यावर कोणी लिहील का? शेव्हिंग फोम लावून अक्षरं उठावदार करायचे व्हिडिओ बघून लोक तेच करतात.

खडीचा_रस्ता

फोम अजिबात नको. त्यातली आम्लं आणि तेलं वालुकाश्माच्या छिद्रांत शिरतात आणि धुऊन निघत नाहीत. खडू, पीठ, ब्लीच, तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर, सगळं बाद. कागद ठेवून पेन्सिल घासणंही भुसभुशीत दगडावर नको, पापुद्रा सुटतो.

वाचायला साफसफाई बहुतेक वेळा लागतच नाही, लागतो तिरपा प्रकाश. साधारण ३० × ४० सेंमीचा आरसा घ्या, सोबत एक माणूस. दगडाच्या बाजूला उभं राहून ऊन दगडावर जवळजवळ समांतर, १० ते १५ अंशांत पाडायचं. झिजलेल्या खोबणीत सावली पडते आणि अक्षर उठतं. ढगाळ दिवशी टॉर्च आणि वर सावलीला छत्री. एकच फोटो काढू नका. प्रकाश डावीकडून, उजवीकडून, वरून असे तीन-चार घ्या, कारण उभ्या रेघा आणि आडव्या रेघा एकाच प्रकाशात उठत नाहीत. 'हे'ची ती फट हमखास एका फोटोत दिसते आणि दुसऱ्यात नाही. आरसा नसेल तर वेळ साधा: पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर सकाळी ऊन थेट पडतं आणि काहीच दिसत नाही. दुपारच्या सुमारास ते दक्षिणेकडून घासून जातं, तेव्हा वाचा.

शेवाळ फारच असेल आणि परवानगी असेल तर साधं पाणी, मऊ ब्रश, लाकडी काडी, बस. खालून वर जायचं, नाहीतर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरतात. हिवाळ्यात पाणीही नको. छिद्रांतलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगडाचा चेहरा सोलून काढतं. हलणाऱ्या दगडाला टेकू नका. मोठ्या मात्सेवेचं वजन शेकडो किलो असतं आणि पाया कुजलेला असतो.

पडलेला दगड उचलून सरळ करायचं पुण्य करायला जाऊ नका. ज्यू धर्मनियमाप्रमाणे कबरीची माती हलवायची नसते. पोलंडच्या मुख्य रब्बींच्या अखत्यारीत दफनभूम्यांसाठी वेगळी समिती आहे, खोदकामाचा प्रश्न आला की तिला विचारावं लागतं.

पाटणकर_सुलू

पण दगड गेले कुठे? बऱ्याच गावांत किर्कुत म्हणजे नुसतं गवत.

खडीचा_रस्ता

बहुतेक जर्मन ताब्याच्या काळात. रस्ते, अंगणं, पायऱ्या यांना फरशी म्हणून लावले. पण सगळं जर्मनांवर ढकलून चालणार नाही. युद्धानंतरही आसपासच्या लोकांनी दगड नेले, धार लावायची चाकं केली, गोठ्याच्या पायात घातले. चाकावर अर्धवट हिब्रू ओळ गोल कापलेली असते. रस्ता दुरुस्त करताना आजही मात्सेवा निघतात.

काझिमिएश दोल्नीला सापडलेले तुकडे १९८४ मध्ये एका भिंतीत बसवले आणि भिंतीला मधोमध मुद्दाम चीर ठेवली. लक्षात घ्या, हे गाव विस्तुलाकाठी, पुवावीजवळ आहे. क्राकुफमधला काझिमिएश वेगळा. बस बुक करताना लोक चुकतात. क्राकुफचा काझिमिएश हे १३३५ मध्ये स्वतंत्र शहर म्हणून वसलं आणि १४९५ मध्ये क्राकुफच्या ज्यूंना तिथे हलवलं गेलं.

क्राकुफच्या रेमू किर्कुतात (१५३५ पासून, साधारण १८०० पर्यंत वापरात) मोशे इसेर्लेस या धर्मशास्त्रज्ञाची कबर आहे, मृत्यू १५७२. त्याची मात्सेवा वाचली. १९५९ च्या सुमाराच्या उत्खननात तिथे जमिनीखाली शेकडो दगड मिळाले. ते पुन्हा उभे केले, पण प्रत्येक दगड आपल्या मूळ कबरीवरच आहे असं नाही. तुकड्यांची भिंत रस्त्याच्या बाजूला आहे. लुब्लिनच्या जुन्या दफनभूमीत १५४१ ची मात्सेवा मूळ जागी उभी आहे. आजच्या पोलंडमधला सगळ्यात जुना ज्ञात दगड मात्र व्रोत्सुआफचा, १२०३ चा.

गर्दी नको असेल तर वॉर्साची ओकोपोवा रस्त्यावरची (१८०६ पासून, सुमारे ३३ हेक्टर) किंवा वूचची ब्रात्स्का रस्त्यावरची (१८९२). वूच म्हणजे नकाशावर ज्याला आपण लोड्झ वाचतो ते. कापड गिरण्यांचं शहर. तिथला गिरणीमालक पोझ्नान्स्कीचा मकबरा बघून मुंबईचे गिरणीमालक साधे वाटतील.

कोल्हापुरी_झणका

आमच्या वळिवड्याच्या कॅम्पातले पोलिशही ज्यूच होते ना? हिटलरपासून पळून आलेले?

मृण्मयी_क

नाही, आणि हा गैरसमज मराठी लेखांत वारंवार दिसतो. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश राहिले. त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुलं, बहुसंख्य कॅथलिक. त्यांना घराबाहेर काढलं ते हिटलरने नव्हे, स्टालिनने. सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत संघाने गिळला, १९४०-४१ मध्ये लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवलं. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर करार झाला, सुटका झाली, आणि इराणमार्गे त्यातले काही इथवर पोचले. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी मुलांना ठेवून घेतलं, त्याच ओघातलं हे. कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं.

मराठीशी खरा धागा हवा असेल तर तो बेने इस्रायलींचा, आपले शनिवार तेली. त्यांच्या दगडांवर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी असतात, आणि हिब्रू तारीख वाचायची रीत हीच. पोलंडच्या अश्केनाझींशी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंशी, त्यांचं मूळ मात्र जोडू नका.

नाना_उवाच

एवढं सगळं ठीक, पण मूळ प्रश्न कोणी घेत नाही. पोलिश माणूस मुळात ज्यूद्वेष्टा. छावण्या उगाच तिथे उभारल्या?

शाईपेन

छावण्या तिथे उभारल्या कारण ज्यू तिथे होते, रेल्वे तिथे होती आणि देश जर्मनांच्या ताब्यात होता. पोलिश सरकार लंडनमध्ये परागंदा होतं. 'पोलिश छावण्या' म्हटलं की पोलिश माणूस भडकतो तो यासाठी. २०१८ मध्ये याबाबत शिक्षेचा कायदाच केला होता, जगभरातून टीका झाल्यावर काही महिन्यांत तुरुंगवासाची तरतूद काढली.

पण दुसरी बाजूही कागदावर आहे. १० जुलै १९४१, येदवाब्ने: ज्यू शेजाऱ्यांना पोलिश गावकऱ्यांनी कोठारात कोंडून जाळलं, जर्मनांच्या चिथावणीने. पोलंडच्याच राष्ट्रीय स्मृतिसंस्थेच्या तपासात किमान ३४० बळी. ४ जुलै १९४६, क्येल्त्से: युद्ध संपल्यावर वर्षभराने ४२ ज्यू मारले गेले, ज्यूंनी मुलगा पळवल्याच्या अफवेवरून. १९६८: कम्युनिस्ट सरकारच्या मोहिमेमुळे साधारण १३ हजार जणांनी देश सोडला.

आणि तिसरी: ज्यूला लपवलं तर मृत्युदंड, असं फर्मान ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनांनी काढलं होतं. तरी ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंच्या, इस्रायलच्या 'राष्ट्रांमधले नीतिमान' या यादीत सर्वांत जास्त लोक पोलंडचे, ७००० हून अधिक. झेगोता ही ज्यूंच्या मदतीसाठीची भूमिगत संघटना १९४२ मधली. यातली एक बाजू दुसरीला खोडत नाही. पोलंडमध्ये भांडण होतं ते नेमकं इथे. १२३ वर्षं नकाशावरून पुसला गेलेला देश स्वतःला बळी समजतो, राष्ट्रांचा ख्रिस्त समजतो, आणि बळी स्वतः कधी मारेकरी असू शकतो हे त्याच्या गळी उतरत नाही.

नाना_उवाच

मग आधी एवढे ज्यू तिथे गेलेच का, द्वेष होता तर?

शाईपेन

कारण इतरत्र वाईट होतं आणि इथे कागद होता. १२६४ ची कालिशची सनद, बोलेस्वाफ या ड्यूकची: ज्यूच्या जिवाला, मालाला, दफनभूमीला त्याचं संरक्षण. पुढे राजा कझिमिएश थोरल्याने ती राज्यभर लागू केली. १५८० च्या सुमारापासून १७६४ पर्यंत 'चार मुलुखांची परिषद' ही ज्यूंची स्वतःची महापंचायत होती, कराची वाटणी तीच करी. 'पोलिन' या हिब्रू नावाची फोड लोक 'पो लिन', इथे मुक्काम कर, अशी करत. दंतकथाच, पण वॉर्साच्या संग्रहालयाने तेच नाव घेतलं.

दुसरं कारण आर्थिक. काही राजशहरांनी ज्यूंना मज्जाव करायचा हक्क मिळवला होता, वॉर्साने १५२७ मध्ये. मग ज्यू सरदारांच्या खासगी गावांत गेले. सरदार त्यांना गुत्ता, गिरणी, पथकर 'अरेंदा'ने देत. अरेंदा म्हणजे सरळ आपला इजारा. सरदार दूर वाड्यात. कुळाला वसुलीच्या वेळी दिसतो तो इजारदार. १६४८ मध्ये ख्मेल्नित्स्कीचं बंड झालं तेव्हा युक्रेनमध्ये कुळांचा राग आधी कोणावर फुटला हे सांगायला नको. खोतीच्या भांडणांचा इतिहास माहीत असलेल्याला याचं नवल वाटणार नाही.

मृण्मयी_क

'स्वभावा'बद्दल एक भर, पण गोड नाही. पोलिश घरांत, दुकानांत नाणी मोजणाऱ्या दाढीवाल्या ज्यूचं चित्र टांगलेलं दिसेल. ते लावलं की पैसा टिकतो असा समज, आणि शनिवारी ते उलटं करायचं म्हणजे पैसे घरात सांडतात! ईस्टरच्या सोमवारी क्राकुफच्या एमाउस जत्रेत ज्यूंच्या लाकडी बाहुल्या विकतात. विकणाऱ्याला यात द्वेष दिसत नाही, ज्यू पाहुण्याला दुसरं काही दिसत नाही. त्याच शहरात १९८८ पासून ज्यू संस्कृतीचा मोठा महोत्सव भरतो, आणि तो सुरू करणारे दोघे ज्यू नव्हते.

पाटणकर_सुलू

अवांतर: नाताळच्या आदल्या रात्री पोलिश कॅथलिक घरांत 'ज्यू पद्धतीचा कार्प' असतो म्हणे. कृती मिळेल?

हळदकुंकू

'कार्प पो झिदोव्स्कू'. थंड खायचा, गोडसर, जेलीतला. इथे कार्प मिळाला नाही तर रोहू चालेल.

दीड किलोचा मासा, २ सेंमीचे काप, मीठ लावून तासभर फ्रिजमध्ये. डोकं, शेपूट, कातडीचे तुकडे, ३ मोठे कांदे, २ गाजरं, तमालपत्र, ५-६ मिरी, सव्वा लिटर पाणी. मंद आचेवर ४५ मिनिटं, गाळून घ्या. त्यात २ चमचे साखर, मूठभर बेदाणे, मूठभर सोललेल्या बदामाचे काप. मग माशाचे काप सोडून २० मिनिटं, पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. गाजराच्या चकत्या वर लावून रसातच गार करा, रात्रभर फ्रिज.

बिघडतं कुठे: कल्ले राहिले की रस कडू. खळखळ उकळलं की गढूळ आणि मासा फुटतो. पाणी जास्त झालं की जेली धरत नाही. अशा वेळी मासा काढून रस आटवा, जिलेटिन ढकलू नका. लिथुआनियाकडचे ज्यू साखरेऐवजी मिरी घालत. गोड की तिखट यावरून माणूस कुठला ते ओळखत.

तिथीवाला

परत विषयावर. दगडावरचं नाव कागदात शोधायचं असेल तर कोणत्या भाषेत शोधायचं ते आधी ठरवा. वॉर्साकडच्या पोलिश राज्यात १८०८ पासून नोंदी पोलिशमध्ये, नेपोलियनच्या पद्धतीने, सलग परिच्छेदात, आकडेही अक्षरी. १८२५ पर्यंत ज्यूंच्या नोंदी कॅथलिक पाद्र्याच्या वहीतच आहेत, १८२६ पासून वेगळ्या वह्या. १८६८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत रशियन भाषेत, दोन तारखांसह. जुलियन आणि ग्रेगोरियन यांत १९०० पर्यंत १२ दिवसांचा फरक, नंतर १३. कोणती उतरवली ते लिहून ठेवा, नाहीतर हिब्रू तारखेशी मेळ कधीच बसणार नाही.

गॅलिशियात कोष्टकं आहेत, वाचायला सोपी, पण तिथे वेगळी गोम. धार्मिक लग्न सरकारदरबारी न नोंदवल्याने मुलं अनौरस म्हणून आईच्या आडनावाने लागलेली असतात. दगडावर 'बेन अमुक' स्पष्ट, कागदात बापाची जागा रिकामी. शिवाय जन्मनोंद कित्येकदा पाच-दहा वर्षांनी, शाळा किंवा लग्न अडलं की केलेली. म्हणून नोंदणीचं वर्ष आणि जन्माचं वर्ष वेगवेगळं उतरवा.

१०० वर्षांपुढच्या जन्मनोंदी आणि ८० वर्षांपुढच्या लग्न-मृत्यूच्या नोंदी सरकारी अभिलेखागारात जातात. स्कॅन बऱ्याच प्रमाणात फुकट बघता येतात. त्याआतल्या नोंदी गावच्या नोंदणी कार्यालयात असतात आणि तिथे नातं सिद्ध करावं लागतं.

पाटणकर_सुलू

प्रत्यक्ष जाताना काय पाळायचं?

आडवाट

शनिवारी आणि ज्यू सणांना बंद. शुक्रवारीही दुपारनंतर लवकर बंद होतं. लहान गावात फाटकाला कुलूप असतं, पाटीवर किल्ली कोणाकडे ते लिहिलेलं असतं, नसेल तर नगरपालिकेत विचारा. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी चालते. कबरींवर पाय द्यायचा नाही, हे जुन्या किर्कुतात अवघड जातं, कारण ओळी राहिलेल्या नसतात. दगड उभे आहेत त्यांच्या मागच्या बाजूने चाला. फुलं नको, छोटा खडा ठेवतात. खडा बाहेरून न्या, शेजारच्या कबरीवरचा उचलू नका, तो कोणीतरी ठेवलेला असतो.

जुलैत गेलात तर लांब पँट घाला. खाजकुयली नाही, पण त्यांची 'पोक्शिवा' कमरेपर्यंत वाढते आणि तितकीच चावते.